न्हाणीची फरशी झाकून दुरुस्त होत नाही

आमच्या लोणंदमध्ये घराच्या डागडुजीचा विषय निघाला की हल्ली एक सल्ला हमखास ऐकू येतो. बाथरूमची फरशी जुनी झाली, डाग पडले, दरजा उघड्या पडल्या, कुठे एखादी टाइल पोकळ वाजायला लागली, तर फोडाफोडी करू नका, वरून विनाइल टाकून घ्या. दुकानदार हे सांगतो, पुण्यात फ्लॅट सजवून आलेला भाचा सांगतो, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात. गवंड्याने मान हलवून 'न्हाणीत हे टिकायचं नाही' म्हटलं, तर त्याला जुन्या वळणाचा ठरवून गप्प केलं जातं. हे मत इतकं रुळलं आहे की त्याविरुद्ध बोलणारा माणूसच आडमुठा वाटतो. तरीही मला ते साफ अमान्य आहे. हा सल्ला चुकीचा आहे, शेवटी महाग पडणारा आहे आणि ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे धोक्याचा आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं पूर्ण मांडतो, कारण ते ऐकताना पटण्यासारखं आहे. विनाइल म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसीच्या पाइपातून वर्षानुवर्षं पाणी वाहतं, मग त्याच्याच फरशीला पाण्याची भीती कसली? जुन्या फरशीवर गोंदाने चिकटवायचं, म्हणजे धूळ नाही, राडारोडा नाही, एका दिवसात काम उरकतं. टाइलपेक्षा स्वस्त पडतं. पायाला गार लागत नाही, मऊ लागतं, त्यामुळे कोणी घसरत नाही. पुसलं की स्वच्छ. आणि शेवटचा, हुकमी समजला जाणारा मुद्दा असा की परदेशात बाथरूममध्ये हेच घालतात, आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांतही हेच असतं. मग लोणंदच्या घराला वेगळं काय लागतं?

लोणंदच्या घराला वेगळं लागतं, आणि सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. आपल्याकडे अंघोळ टबात होत नाही, काचेच्या बंद कप्प्यातही होत नाही. ती जमिनीवर होते. बादली, तांब्या आणि बसायला पाट. अंगावर घेतलेलं सगळं पाणी थेट फरशीवर पडतं आणि तिच्यावरून वाहत न्हाणी ट्रॅपच्या जाळीपर्यंत जातं. तिथेच धुणं आपटलं जातं, ब्रशने घासलं जातं. शेतातून किंवा कांद्याच्या मार्केट यार्डातून आलेले मातीचे पाय तिथेच धुतले जातात. आषाढीच्या वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते, तेव्हा गावातल्या कितीतरी घरांच्या न्हाण्या वारकऱ्यांसाठी उघड्या असतात आणि पहाटेपासून एकामागून एक अंघोळी चालतात. त्या दिवसांत फरशी कोरडी होण्याची वेळच येत नाही.

म्हणून न्हाणीची फरशी ही पाणी बाहेर नेणारी रचना असते. तळाला घट्ट ठोकलेला पाया, त्यावर पाणी अडवणारा कोबा किंवा तशा द्रव्याचा थर, भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलाकार वाटा, आणि चारही बाजूंनी जाळीकडे उतरणारा ढाळ. शहाबादी असो, कडप्पा असो की मोरबीहून आलेली टाइल, डोळ्यांना दिसते ती फरशी या रचनेचा सगळ्यांत वरचा थर असते. ती खराब दिसायला लागली, तर बहुतेक वेळा बिघाड तिच्याखाली झालेला असतो. कोपऱ्यात पाणी साचतं, कारण ढाळ गेलेला असतो. टाइल पोकळ वाजते, कारण खालचा माल सुटलेला असतो. दरजा काळ्या पडून उकरल्या गेल्या असतील, तर सांध्यांतून पाणी खाली उतरत असतं. पलीकडच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागून रंगाचे पोपडे सुटत असतील, तर ते पाणी आडवं पसरून भिंतीत पोहोचलेलं असतं. विनाइल यांतलं नेमकं काय दुरुस्त करतं? ढाळ देतं का? पोकळी भरतं का? भिंतीकडे जाणारं पाणी थांबवतं का? ते या सगळ्या खुणा झाकतं. खुणा झाकल्या की घरमालकाला वाटतं काम झालं, आणि बिघाड मात्र पुढे चालूच राहतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा वॉटरप्रूफ असण्याचा. पीव्हीसीमधून पाणी आरपार जात नाही, हे खरं आहे. पण घरातल्या फरशीत पाणी मधून शिरत नाही, ते कडेने शिरतं. आपलं साधं बाथरूम पाच बाय सात फुटांचं धरा. चार भिंतींलगत मिळून २४ फूट कड झाली. त्यात दाराचा उंबरठा आला, जाळीभोवतीचा गोल काप आला, कमोड असेल तर त्याच्या पायाभोवतीचा काप आला, जमिनीतून वर येणाऱ्या पाइपांची भोकं आली. या प्रत्येक कडेचं संरक्षण फक्त सिलिकॉनच्या एका बारीक पट्टीवर सोपवलेलं असतं. त्या पट्टीच्या एका बाजूला भिंतीची टाइल असते, जी जवळजवळ हलत नाही. दुसऱ्या बाजूला विनाइल असतं, जे उन्हाळ्यात प्रसरतं आणि थंडीत आकसतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबरच्या पहाटे अंगात हुडहुडी भरते. इतक्या फरकात ती पट्टी कुठेतरी सुटणार. तिथून रोज तांब्याभर पाणी आत गेलं, तरी वर्षभरात किती होईल याचा हिशोब कोणी करतं का?

शिवाय बाजारात विनाइल म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गिऱ्हाइकाला त्यांतला फरक सांगितला जात नाही. एक, गुंडाळीतून कापून मिळणारी शीट, जिला बरेच जण कार्पेटच म्हणतात. तिच्यातल्या स्वस्त प्रकाराच्या पाठीला फोम किंवा नमद्यासारखा थर असतो. तो पाणी पितो आणि कुजका वास धरून बसतो. दोन, पाठीला गोंद लावूनच येणारे चौकोन. ३५ चौरस फुटांच्या न्हाणीत फूटभर मापाचे ३५ चौकोन लागतात आणि त्यांच्यामधले सांधे वाढतात. तीन, एकमेकांत खटकन अडकणाऱ्या कडक पट्ट्या, ज्यांत दगडाची भुकटी आणि पीव्हीसी असतं. या पट्ट्या जमिनीला चिकटवतच नाहीत, त्या वर नुसत्या टेकलेल्या असतात. बहुतेक उत्पादकांच्या सूचनापत्रात या पट्ट्या शॉवरच्या जागी आणि जाळीकडे उतार असलेल्या जमिनीवर घालू नयेत, असं लिहिलेलं असतं. दुकानात तो कागद कोणी वाचून दाखवतं का?

आत गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हे त्याहून महत्त्वाचं. उघड्या शहाबादीवर किंवा टाइलवर सकाळचं पाणी दुपारपर्यंत वाळतं. खिडकीतून वारा येतो, फरशी कोरडी पडते, दरजांमधली ओल वर येऊन उडून जाते. विनाइलखाली अडकलेल्या पाण्याला वर यायला वाटच उरत नाही. ते गोंद सोडवतं, काळी बुरशी धरतं आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे भिंतीकडे, सरकतं. पाणी बाहेर अडवण्यासाठी टाकलेली शीट पाणी आत कोंडून धरायला लागते.

त्यात गरम पाण्याची भर. आपल्याकडे अजून अनेक घरांत बंब पेटतो आणि कितीतरी गच्च्यांवर सौर बंब बसले आहेत. दोन्हींतून येणारं पाणी विसणाआधी अंगावर घेता येत नाही इतकं कढत असतं. कडक पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. फरशीच्या विनाइलमध्ये लवचिकपणासाठी आणखी द्रव्यं मिसळलेली असतात, त्यामुळे ते त्याआधीच ढिलं पडतं, आणि त्याखालचा गोंदही. कढत पाण्याची बादली हिंदकळली किंवा बंबातला निखारा बाहेर पडला, तर दगडाला आणि टाइलला काही होत नाही. विनाइलला फुगा येतो किंवा भोक पडतं. ज्या खोलीत रोज कढत पाणी सांडतं, तिथे उष्णतेने ढिलं पडणारी वस्तू जमिनीला का चिकटवायची?

दुसरा मुद्दा, फोडाफोडी टळते आणि एका दिवसात काम होतं. हा सगळ्यांत लोभस मुद्दा आहे आणि सगळ्यांत पोकळही. पीव्हीसीची फरशी बसवण्यासाठी भारतीय मानकाची स्वतंत्र संहिता आहे, आयएस ५३१८. सरकारी बांधकाम खात्यांच्या तपशिलांतही या कामाचे नियम आहेत. त्या सगळ्यांची पहिली अट एकच: खालची जमीन पूर्ण कोरडी, सपाट आणि पक्की हवी. रोज चार-पाच माणसं जिथे अंघोळ करतात त्या न्हाणीची जमीन सकाळच्या अंघोळी आटोपल्यावर दुपारपर्यंत आतूनही पूर्ण कोरडी होते, असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल? वरून पुसलेली टाइल कोरडी दिसते. तिच्या खालच्या मालात शिरलेलं पाणी वाळायला कित्येक दिवस लागतात. ती अट पाळायची, तर बाथरूम तितके दिवस बंद ठेवावं लागेल, पोकळ टाइल काढाव्या लागतील, खड्डे भरून पृष्ठभाग एकसारखा करावा लागेल. मग एक दिवस कुठे राहिला? एका दिवसात होणारं काम हे ही अट मोडूनच होतं.

लोणंद परिसरात ही अट पाळणं आणखी अवघड आहे. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा या भागाला पाणी देतो. भिजणाऱ्या शेतांच्या शेजारी घरं आहेत. काळ्या मातीवर उभी घरं आहेत आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीत तळमजल्याची जमीन कुठे दबते, कुठे उचलली जाते आणि घर बांधताना दिलेला ढाळ काही वर्षांत उलटा होतो. अनेक जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नाही, त्यामुळे पावसाळ्यात जमिनीतली ओल खालून वर चढते. अशा जमिनीवर हवाबंद शीट टाकली की वरून आलेलं पाणी आणि खालून आलेली ओल, दोन्ही तिच्याखाली कोंडतात. काळ्या मातीवरच्या घराची न्हाणी दुरुस्त करायची असेल, तर आधी जमीन उघडून बघावीच लागते. ती उघडायची नाही, असं आधीच ठरवून जो काम सुरू करतो, तो दुरुस्ती कशाची करतो?

ढाळाचं गणितही बघा. चांगल्या न्हाणीत मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर उतार असतो आणि तो चारही बाजूंनी जाळीकडे येतो, म्हणजे जमीन एका पातळीत नसते, ती उथळ द्रोणासारखी असते. कडक पट्ट्या या द्रोणात बसत नाहीत; त्यांच्या खाचा ताणतात आणि उघडतात. मऊ शीट बसते, पण जाळीपाशी ती गोल कापावी लागते आणि तिथे तिच्या जाडीइतकी कड उभी राहते. शीटची दोन मिलिमीटर, पट्टीची चार ते सहा. जिथे पाणी सगळ्यांत सहज उतरायला हवं, तिथेच त्याला बांध घातला जातो. त्या कडेशी साबणाचा लगदा आणि केस अडकतात आणि कड उचकटायला तिथूनच सुरुवात होते.

तिसरा मुद्दा, मऊ असल्याने घसरत नाही. या समजाची मला खरी चीड येते, कारण त्याची किंमत खुब्याचं हाड मोडून द्यावी लागते. मऊपणा आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या, अनवाणी पायाला पकड मिळते ती पृष्ठभागाच्या खरखरीतपणामुळे. आपल्या न्हाणीत नुसतं पाणी नसतं. साबण असतो, डोक्याला लावलेलं खोबरेल असतं, दिवाळीत अंगाला चोळलेलं तेल आणि उटणं असतं. बोअरचं जड पाणी साबणाशी मिळून चिकट, बुळबुळीत थर तयार करतं. घराघरांत विकलं जाणारं लाकडी नक्षीचं गुळगुळीत विनाइल या थराखाली पायाला कितपत धरणार? अनवाणी ओल्या पायांसाठी फरशी मोजण्याची जर्मन पद्धत आहे, डीआयएन ५१०९७. तीत अ, ब, क असे चढते वर्ग आहेत आणि शॉवरच्या जागेसाठी निदान मधला वर्ग हवा. विनाइल विकताना या कसोटीचा आकडा कोणी सांगतं का? गिऱ्हाइकाने विचारला, तर दुकानात उत्तर मिळतं का?

नवं असताना घसरणं हा एक धोका. जुनं झाल्यावर दुसरा उभा राहतो. कड उचकटते, मध्ये फुगा येतो. सत्तरीची आजी पहाटे अंधारात न्हाणीत जाते, तिचा अंगठा त्या कडेत अडकतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन, सगळं एकापाठोपाठ येतं. कितीतरी जण त्यातून पुन्हा स्वतःच्या पायांवर नीट उभे राहत नाहीत. घरातली सगळ्यांत धोक्याची जागा बाथरूम आहे, हे कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा. तिथली फरशी निवडताना नक्षी आधी आणि पकड नंतर, हा क्रम कोणी ठरवला?

चौथा मुद्दा, स्वस्त पडतं. हिशोब मांडू. विनाइलने चौरस फुटाला ४० रुपये वाचले असं धरलं, तरी ३५ चौरस फुटांत १,४०० रुपये वाचतात. गवंड्याच्या दीड-दोन दिवसांच्या हजेरीइतके. इतक्या छोट्या खोलीत फरशीच्या मालाचा दर हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा खर्च काढण्याचा, ओल थांबवण्याचा आणि नव्याने बसवण्याचा असतो. विनाइल तो खर्च वाचवत नाही, पुढे ढकलतं आणि वाढवतं. दोन-तीन वर्षांनी शीट काढायची वेळ येते तेव्हा जुनी टाइल असतेच, तिच्यावर खरवडूनही न निघणारा गोंद असतो, भिंत ओली झालेली असते, आणि जी फोडाफोडी टाळली होती ती करावी लागतेच. विनाइलचे पैसे गेले ते वेगळे. नीट घातलेली शहाबादी किंवा टाइल वीस-पंचवीस वर्षं सहज चालते. मग स्वस्त कोणतं?

निघालेल्या विनाइलचं काय करायचं, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. गोंद आणि सिमेंट चिकटलेली शीट भंगारवाला घेत नाही. ती ओढ्याकाठी पडते किंवा जाळली जाते. आपल्याकडे हाताला लागेल तो कचरा बंबात घालण्याची सवय आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. फुटलेली शहाबादी अंगणात पायवाटेला लागते, फुटकी टाइल भरावाला जाते. विनाइलचे तुकडे जाळले, तर तो धूर बंब पेटवणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

पाचवा मुद्दा, पुसलं की स्वच्छ. विनाइलच्या वर पारदर्शक संरक्षक थर असतो. घरगुती मालात तो मिलिमीटरच्या अंशाइतका असतो. रोज मातीचे पाय, वाळूचे कण, धुण्याचा ब्रश आणि बादली ओढणं यांपुढे तो किती टिकेल? तो गेला की खालचं छापील चित्र निघायला लागतं. हळदीच्या उटण्याचा पिवळा डाग त्यात बसतो, मेंदीचा आणि केसांच्या रंगाचा बसतो. घसरायला होतं म्हणून वर रबरी पायपुसणं टाकलं, तर रबराचाही पिवळट डाग कायमचा उमटतो, कारण रबरातली द्रव्यं विनाइलमध्ये उतरतात. दगड घासता येतो, टाइलच्या दरजा उकरून पुन्हा भरता येतात. विनाइल फक्त बदलता येतं.

सहावा मुद्दा परदेशाचा आणि हॉस्पिटलचा. विनाइलचा इतिहास याच मुद्द्याच्या विरुद्ध जातो. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पीव्हीसीला मऊ, लवचिक करण्याची रीत शोधली. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विनाइलची फरशी लोकांना दाखवली गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती घराघरांत पोहोचली. पण ती कोणत्या घरांत पोहोचली? तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. जमीन लाकडी फळ्यांची, पायाखाली किंचित लवणारी, जिच्यावर टाइल तडकते. अंघोळ टबात किंवा शॉवरच्या बंदिस्त जागेत होते, तिला स्वतःची वेगळी मोरी असते. बाकीच्या बाथरूमच्या जमिनीत बहुधा जाळीच नसते, कारण तिथे पाणी ओतायचंच नसतं. टबातून बाहेर आलेल्या पायाचे थेंब लाकडात मुरू नयेत, इतकंच काम विनाइलला करावं लागतं, आणि ते काम ते चांगलं करतं. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात विनाइल घातलं असेल, तर ते तिथे योग्यच आहे. त्या घरात कोणी फरशीवर बसून बादलीभर पाणी अंगावर घेत नाही. कोरड्या जमिनीचा उपाय उचलून ओल्या जमिनीवर लावायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचं, हे कुठल्या तर्कात बसतं?

हॉस्पिटलचं उदाहरण तर देणाऱ्याच्याच विरोधात जातं. तिथलं विनाइल जाड, एकसंध असतं. शीटचे सांधे खाच पाडून, विनाइलचीच दोरी गरम करून वितळवून जोडलेले असतात. भिंतीपाशी शीट कापत नाहीत. गोलाई देऊन भिंतीवर साधारण चार इंच चढवतात, म्हणजे जमिनीलगत कडच उरत नाही. ओल्या खोल्यांसाठी खरखरीत कण मिसळलेला वेगळा प्रकार आणि शीट चिमटीत धरणारी खास जाळी वापरतात. खालची ओल यंत्राने मोजूनच काम सुरू होतं, आणि ते करणारे कारागीर त्यासाठी शिकलेले असतात. हे सगळं करणार असाल, तर माझी हरकत नाही. पण लोणंदच्या घरी येणारा माणूस कटर, गोंदाचा डबा आणि सिलिकॉनची नळी घेऊन येतो. उदाहरण हॉस्पिटलचं द्यायचं आणि काम या सामानावर उरकायचं, हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात आहे.

विनाइलला घरात जागाच नाही, असं मी म्हणत नाही. कोरड्या खोलीत, पुस्तकांच्या किंवा झोपायच्या खोलीत ते खुशाल घाला. भाड्याच्या खोलीत काही महिन्यांसाठी घालायचं असेल, तर घाला. जिथे अंघोळ जमिनीवर होते, तिथे घालू नका. यापलीकडे सवलत द्यायला मला कारण दिसत नाही.

मग करायचं काय? जे आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेच. आधी तपासा. जाळीत कापडाचा बोळा घालून न्हाणीत दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि २४ तास थांबा. पातळी बोळ्यातून झिरपण्यापेक्षा जास्त उतरली, किंवा पलीकडची भिंत ओली झाली, तर गळती आहे. मग फरशी काढा, ट्रॅप आणि त्याचा सांधा तपासा, तळ ठोकून पक्का करा. कोबा करा किंवा पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्या, ते भिंतीवर फूटभर चढवा, वाटा सोडू नका. थर वाळल्यावर पुन्हा पाणी भरून बघा आणि मगच फरशी बसवा. पाणसळ लावून ढाळ चारही बाजूंनी जाळीकडे काढा. पॉलिश न केलेली शहाबादी घ्या किंवा फूटभर मापाची, मॅट, खरखरीत टाइल घ्या. मोठ्या टाइलला द्रोणासारखा ढाळ देता येत नाही, छोट्या मापाला देता येतो. दरजा नुसत्या व्हाइट सिमेंटने न भरता इपॉक्सीने भरा. शहाबादी असेल तर ॲसिडने घासू नका. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. आणि भिंतीत घट्ट रोवलेली, हाताने धरायची एक दांडी बसवा. सगळ्या विनाइलपेक्षा ती दांडी घरातल्या म्हाताऱ्यांना जास्त सांभाळेल.

या कामाला आठवडाभर लागतो. घरात धूळ होते, अंघोळीला शेजारी जावं लागतं. हीच गैरसोय टाळण्यासाठी विनाइलचा सल्ला दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा त्या न्हाणीत रोज अंघोळ न करणारा माणूस देतो. पुण्या-मुंबईतला मुलगा शनिवारी येतो, रविवारी परततो. दीड दिवसात आईवडिलांसाठी काहीतरी करून दाखवायचं असतं. त्याच्या मनातल्या मायेबद्दल मला शंका नाही. पण नक्षीदार शीट चिकटवून गाडीत बसणाऱ्या मुलाला मी विचारतो: सोमवारी पहाटे त्या फरशीवर कोण उभं राहणार आहे? तुझी आई. साचलेल्या पाण्यात, बुळबुळीत कडेशी, एकटी. तिच्यासाठी आठवडाभराची रजा काढून ढाळ नीट करून दिलास, तर ते तिच्या उपयोगी पडेल.

गवंड्याला जुनाट ठरवणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. ढाळ, वाटा, कोबा, दरजा ही या हवेत, या मातीत, आपल्या अंघोळीच्या पद्धतीतून घडलेली विद्या आहे. नवं साहित्य आलं म्हणून पाण्याने खाली वाहण्याचा धर्म सोडलेला नाही. नवं जरूर घ्या. पॉलिमर घ्या, इपॉक्सी घ्या, खरखरीत टाइल घ्या, तीही नवीच आहेत. पण ती त्या विद्येच्या जोडीला घ्या, तिच्या जागी नको.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. न्हाणीची फरशी खराब झाली असेल, तर ती उघडा, खालचा बिघाड शोधा, तो दुरुस्त करा आणि मग वर काय घालायचं ते ठरवा. जमिनीवर अंघोळ होते त्या बाथरूममध्ये विनाइल टाकू नका. कोणी कितीही स्वस्तात, कितीही झटपट देतो म्हटलं तरी टाकू नका. दुकानदाराने आग्रह केला तर त्याला तीन गोष्टी लिहून मागा: कडेने पाणी आत गेलं तर बाहेर कुठून येणार, साबण आणि तेल सांडल्यावर पायाची पकड किती राहणार, आणि माझा उलटा झालेला ढाळ ही शीट कशी सुलटी करणार. या तिन्हींचं उत्तर देता आलं नाही, तर त्याचा माल तुमच्या न्हाणीच्या उंबरठ्याच्या आत येता कामा नये.